फॉर्म कुठे मिळतो हे माहीत असलेल्या आईबाबांना खुलं पत्र

प्रिय आईबाबांनो,

मंगळवारी रात्रीपासून आपल्या ग्रुपवर जी निवेदनाची लिंक फिरते आहे, तिच्यावर मी सही केलेली नाही. दोघीतिघींनी वेगळा मेसेज करून विचारलं, ‘अगं, राहून गेली का?’ राहून गेलेली नाही, ठरवून केलेली नाही. का ते एकेकीला टाइप करत बसण्यापेक्षा सगळ्यांसमोरच लिहिते.

ज्यांनी निवेदन वरवर पाहिलं असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (इथे अमेरिकेत आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) प्रस्ताव असा आहे की गिफ्टेड प्रोग्रामसाठी, म्हणजे वर्गाच्या पुढे असलेल्या मुलांच्या खास वर्गासाठी, पालकांनी अर्ज करायची पद्धत बंद करायची आणि दुसरीतल्या सगळ्याच मुलांची शाळेच्या वेळात, त्यांच्याच वर्गात टेस्ट घ्यायची. निवेदनात म्हटलंय की त्यामुळे प्रोग्रामचा दर्जा खालावेल. ग्रुपवर कोणीतरी तीच गोष्ट सरळ शब्दांत लिहिली: ‘सगळ्यांना बसवलं तर आपल्या मुलांच्या जागा जातील.’ त्याखाली एकवीस अंगठे. खरं सांगायचं तर मला ते वाक्य निवेदनापेक्षा प्रामाणिक वाटलं, म्हणून उत्तर त्यालाच देते आहे.

आधी माझा कबुलीजबाब. ग्रुपवर सगळ्यात वर पिन करून ठेवलेली ‘गिफ्टेडसाठी काय काय करायचं’ ही यादी मी लिहिली आहे. फॉर्म वेबसाइटच्या कुठल्या कोपऱ्यात लपलेला असतो, ऑक्टोबरच्या मुदतीआधी तो स्कॅन करून कोणाला पाठवायचा, पोच आली नाही तर ऑफिसला कधी फोन करायचा, कॉगॅट या प्रवेशाच्या टेस्टचे तीन भाग कोणते, प्रॅक्टिस बुक कुठलं चांगलं. तीन वर्षांपूर्वी मुलगा पहिलीत होता तेव्हा मला कोणीतरी आयत्या वेळी सांगितलं आणि माझी धावपळ झाली. ती पुढच्या आईबाबांची होऊ नये एवढाच हेतू होता. हेतू चांगलाच होता. त्यानंतर आपल्या ग्रुपमधल्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा फॉर्म वेळेत गेला, याचा मला कालपरवापर्यंत अभिमानही होता.

माझ्या मुलाचा पहिलीतला एक मित्र आहे. घरी स्पॅनिश बोलतात, आई संध्याकाळच्या शिफ्टला जाते, त्यामुळे शाळा सुटल्यावर तो पुष्कळदा आमच्याकडे असायचा. एकदा दोघं दाराशी बूट काढत होते आणि त्यांचा वाद चालला होता, दोन विषम आकड्यांची बेरीज कायम समच येते का. माझा मुलगा बोटांवर एकेक जोडी करून बघत होता: तीन आणि पाच आठ, सात आणि एक आठ. हा मित्र म्हणाला, एवढं मोजायचं कशाला? विषम म्हणजे जोड्या लावल्यावर एक बूट एकटा उरतो. दोन विषम म्हणजे दोन एकटे बूट. मग त्यांची जोडी लागणारच ना. सहा वर्षांचं पोर. मी हातातलं काम तसंच ठेवून ऐकत राहिले.

त्या वर्षी माझा मुलगा प्रोग्राममध्ये गेला. एप्रिलमध्ये त्या मित्राच्या आईने मला विचारलं, ‘बुधवारी तुझ्या मुलाला वेगळी बस कुठे घेऊन जाते?’ मी सांगितलं. ‘मग त्यात कसं जायचं?’ फॉर्म भरायचा असतो, ऑक्टोबरमध्ये. ती म्हणाली, ‘मला वाटलं, शाळाच निवडते.’ पुढच्या सप्टेंबरला फॉर्म पाठवते असं मी तिला सांगितलं आणि विसरले. आठवलं तेव्हा मुदत उलटून आठ दिवस झाले होते. तिने एका शब्दाने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. त्यानंतर ती मंडळी दुसऱ्या शाळेच्या हद्दीत राहायला गेली. तो मुलगा आज चौथीत असेल. बुधवारी त्याला कुठलीही बस न्यायला येत नसणार.

तर पहिला कटऑफ हा आहे. टेस्टमधली पंच्याण्णव पर्सेंटाइलची अट त्यानंतर येते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तसं ज्याच्या हाती फॉर्म तो गिफ्टेड, निदान रांगेत उभं राहण्यापुरता तरी.

यावर दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे, ‘टीचर शिफारस करतातच की.’ करतात, पण सगळ्यांची सारखी नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जेसन ग्रिसम आणि ख्रिस्तोफर रेडिंग यांनी २०१६ मध्ये देशभरातल्या मुलांची आकडेवारी तपासली. वाचनाचे आणि गणिताचे गुण सारखे असूनही कृष्णवर्णीय मुलं गिफ्टेडमध्ये कमी जातात, आणि वर्गाचा टीचर स्वतः कृष्णवर्णीय असेल तर हा फरक बराच पुसला जातो, असं त्यांना दिसलं. टीचर मुद्दाम कोणाला वगळतात असं मी म्हणत नाही. पंचवीस मुलांच्या वर्गात हात वर करून घडाघडा बोलणारं मूल डोळ्यांत भरतं आणि खिडकीशी बसून बुटांच्या जोड्या लावणारं भरत नाही. माझ्याही भरलं नसतं, तो आमच्या दारात बसला होता म्हणून भरलं.

दुसरं उत्तर, ‘टेस्ट तर सगळ्यांना खुलीच आहे, कोणी अडवलंय?’ हा प्रयोग न्यूयॉर्क शहरात होऊन गेला आहे. २००८ पासून तिथे शहरभर एकच टेस्ट आणि एकच कटऑफ आला. टेस्ट फुकट होती, कोणालाही देता येत होती. डिस्ट्रिक्टच्या प्रोग्रामला ९० पर्सेंटाइल लागे, शहरातल्या मोजक्या नामांकित शाळांना ९७, आणि प्रत्यक्षात तिथे ९९ वालेच लॉटरीत उभे असत. मुलं चार वर्षांची! सगळ्यांना एकच माप लावलं की न्याय होईल, असा त्यामागचा विचार होता. घडलं उलटंच. नाव मात्र पालकांनीच नोंदवायचं होतं, त्यामुळे ज्या वस्त्यांत माहिती आणि क्लासेस होते तिथली मुलं आली, आणि काही गरीब डिस्ट्रिक्टमध्ये पात्र मुलं पुरेशी निघाली नाहीत म्हणून प्रोग्रामच उरला नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाने टेस्टचा करार वाढवायला ८ विरुद्ध ७ मतांनी नकार दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महापौर डी ब्लाझिओंनी प्रोग्राम हळूहळू गुंडाळायची घोषणा केली, आणि एप्रिल २०२२ मध्ये नवे महापौर ॲडम्स यांनी तो उलट वाढवायची. आईबाबांनी बिचाऱ्यांनी सव्वा वर्षात तीन वेळा पोटात गोळा अनुभवला असेल.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मत खरोखर बदललं ती सांगते. फ्लोरिडातली ब्रॉवर्ड काउंटी. देशातल्या सगळ्यात मोठ्या डिस्ट्रिक्टांपैकी एक, निम्म्याहून जास्त मुलं कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (मूळ लॅटिन अमेरिकेतल्या, स्पॅनिशभाषक घरांतली), पण तिसरीतल्या गिफ्टेड मुलांत त्यांचं प्रमाण २८ टक्के. पद्धत आपल्यासारखीच होती, पालकांनी किंवा टीचरनी नाव सुचवायचं. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतल्या सगळ्या मुलांना एक छोटी टेस्ट द्यायला सुरुवात केली, आकृत्यांची, भाषा जवळजवळ न लागणारी. त्यात जी मुलं पुढे आली त्यांची डिस्ट्रिक्टच्या मानसशास्त्रज्ञांनी रीतसर आयक्यू टेस्ट घेतली. आयक्यूची अट बदलली नाही. १३० होती ती १३० च राहिली. गरीब घरच्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांसाठी ११६ ची सवलत आधीपासूनच होती, तीही तशीच राहिली.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड (२०२१ च्या नोबेलचे एक मानकरी) आणि लॉरा जुलियानो यांनी त्याचे आकडे मांडले. हिस्पॅनिक मुलांत गिफ्टेड ठरणाऱ्यांचं प्रमाण २ टक्क्यांवरून ६ वर गेलं, कृष्णवर्णीय मुलांत १ वरून ३ वर. आणि एकवीस अंगठेवाल्यांनी हे जरा दोनदा वाचा: गोऱ्या मुलांचं प्रमाणही ६ वरून ८ वर गेलं. म्हणजे ज्यांना आधी ‘सगळं माहीत’ होतं त्या समाजातही शंभरातली दोन मुलं नजरेतून सुटत होती. मुलं कुठून आयात केली नव्हती. ती त्याच वर्गांत, त्याच बाकांवर, तेवढीच हुशार होती. त्यांना फक्त कोणी प्रश्न विचारला नव्हता.

पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मंदी आली, पैसे आटले, डिस्ट्रिक्टने सगळ्यांची टेस्ट बंद केली. आणि सगळं पुन्हा जवळजवळ जुन्या जागी आलं. एवढा स्वच्छ पुरावा शिक्षणाच्या क्षेत्रात क्वचित मिळतो: दिवा लावला, मुलं दिसली, दिवा मालवला, मुलं दिसेनाशी झाली.

‘दर्जा खालावेल’ या मुद्द्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की दर्जा कटऑफमध्ये असतो, आणि प्रस्तावात कटऑफला कोणी हात लावलेला नाही. रांग लांब होते आहे, दार रुंद होत नाही.

पण हो, दार रुंद होत नाही हीच तर तुमची भीती आहे, आणि ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जागा ठरावीक असतील आणि रांग लांब झाली, तर आपल्यापैकी काहींची मुलं बाहेर राहतील. ब्रॉवर्डमध्ये जागांची अशी हद्द नव्हती, पात्र ठरलं की मूल आत. आपल्याकडे आहे. तेव्हा भांडायचं तर जागांसाठी भांडू या. ‘पात्र प्रत्येक मुलाला जागा’ असं निवेदन लिहा, पहिली सही माझी. आजचं निवेदन मात्र सांगतं की आमची मुलं आत राहावीत म्हणून बाकीच्यांना विचारूच नका. हे वाक्य आपण मोठ्याने, डिस्ट्रिक्टच्या बोर्डासमोर, माइकवर म्हणू शकू का? मी म्हणून बघितलं, स्वयंपाकघरात, एकटीने. जमलं नाही.

आता थोडं टेस्टबद्दल, कारण ग्रुपवर ती म्हणजे जणू रक्ताचा रिपोर्ट आहे अशा थाटात बोललं जातं.

मुलाला मी सहा आठवडे प्रॅक्टिस करून घेतली. एका पानावर छत्री, रेनकोट आणि गमबूट अशी चित्रं, आणि यांच्यासोबत काय जाईल ते शोधायचं: सँडल, गॉगल, पावसाळी टोपी, बदक. त्याने बदकावर बोट ठेवलं. का रे? ‘ते पण पावसात कोरडंच राहतं.’ मी उत्तरसूची बघितली आणि म्हणाले, नाही राजा, जे अंगावर घालतात ते. टोपी. त्याने मान हलवली. चौथ्या आठवड्यापर्यंत बदकं निवडणं बंद झालं. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्याने विचार करायचा हे तो शिकला, स्कोअर आला, आम्ही खूश. बदकाचं उत्तर जास्त हुशारीचं होतं हे मला फार नंतर कळलं. त्यानंतर मी यादीतून प्रॅक्टिस बुकांची नावं काढून टाकायला हवी होती. काढली नाहीत.

मुलीचं निराळंच. गेल्या वर्षी ती किंडरगार्टनमध्ये होती. टेस्ट टॅबलेटवर, प्रश्न हेडफोनमधून ऐकायचे. स्कोअर आला तो आम्हाला कोड्यासारखा वाटला. दोन भाग उत्तम, तिसरा एकदम खाली, त्यातली शेवटची बरीच उत्तरं रिकामी. दोन आठवड्यांनी गाडीत मागच्या सीटवरून सहज म्हणाली, ‘आई, हेडफोन मोठ्या माणसांचा होता.’ घसरत होता म्हणून तिने तो दोन्ही हातांनी कानांवर धरून ठेवला होता. ‘मग उत्तराला बोट कशाने लावत होतीस?’ ‘हात काढला की ऐकू येत नव्हतं.’ टीचरना का नाही सांगितलं? टेस्टमध्ये बोलायचं नाही असं सांगितलं होतं ना. नियम पाळणारं मूल.

कॉगॅटचा रिपोर्ट हातात असेल तर त्याकडे नीट बघा, तो आपण समजतो त्यापेक्षा बराच नम्र असतो. आपल्यातले अर्धे लोक अजून पर्सेंटाइलला टक्के समजतात. ९४ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव प्रश्न बरोबर नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांमागे साधारण चौऱ्याण्णव मुलं याच्या मागे, एवढंच. वयाचा पर्सेंटाइल वेगळा आणि इयत्तेचा वेगळा, वर्गात मूल वयाने लहान असेल तर दोन्हींत चांगलाच फरक पडतो. आपल्या डिस्ट्रिक्टच्या पत्रात कुठला छापलाय ते विचारा, मला दोन फोन केल्यावर कळलं. आणि प्रत्येक आकड्याच्या मागेपुढे एक पट्टी काढलेली असते. ती शोभेची नाही. उद्या हीच टेस्ट घेतली तर स्कोअर या पट्टीत कुठेही पडू शकतो, असं टेस्ट काढणारे स्वतःच सांगत असतात. ९४ आणि ९५ या दोन पट्ट्या एकमेकींवर जवळजवळ पूर्ण झाकल्या जातात. तरी ९५ वाल्याच्या घरी पार्टी आणि ९४ वाल्याच्या घरी अपीलचा अर्ज. रिपोर्टच्या खाली 8बी (व्ही−) असलं काहीतरी सांकेतिक लिहिलेलं असतं, त्याकडे आपण कोणी ढुंकून बघत नाही. त्याचा अर्थ एकूण पातळी वरची, पण शब्दांचा भाग त्या मानाने मागे. घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांच्या रिपोर्टवर हा वजा दिसला तर नवल नको. आपल्याही मुलांच्या असेल.

डेव्हिड लोहमन हे कॉगॅटचेच लेखक. त्यांनी कॅट्रिना कोर्ब यांच्यासोबत २००६ मध्ये दाखवलं की एका वर्षी वरच्या तीन टक्क्यांत असलेल्या मुलांपैकी पुढच्या वर्षी साधारण निम्मीच तिथे सापडतात. मुलं वर्षात ‘ढ’ झालेली नसतात. इतक्या टोकाला, इतक्या लहान वयात माप एवढंच स्थिर असतं. आणि माप चुकतंही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टेस्ट तपासणाऱ्या पिअर्सन कंपनीकडून मुलांची वयं धरण्यात चूक झाली. वय वर्षं, महिने आणि दिवस असं धरायचं ते दिवस सोडून धरलं. चार हजारांवर मुलांचे निकाल चुकले, आणि ‘पात्र नाही’ असं कळवलेली सुमारे २,७०० मुलं नव्याने मोजल्यावर पात्र निघाली. ही चूक पालकांच्याच चौकशीतून उघडकीला आली. ज्यांना पत्र वाचून पुन्हा आकडेमोड करायला वेळ होता त्यांच्या चौकशीतून.

गंमत म्हणजे हे माप जन्माला आलं ते निराळ्याच कामासाठी. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली मोजपट्टी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शोधून मदत करता यावी म्हणून. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी ती दुसऱ्या टोकाला लावली. १९२१ पासून त्यांनी कॅलिफोर्नियातली दीड हजार तल्लख मुलं निवडून आयुष्यभर त्यांचा अभ्यास केला. त्या निवडीत कमी पडले म्हणून दोन मुलगे बाहेर राहिले, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ. एकाला १९५६ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, दुसऱ्याला १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल कोणालाच नाही. हा किस्सा आपल्या मुलाचा स्कोअर कमी आला की सांगायला बरा असतो. दुसऱ्याच्या मुलाचा कमी आला की आपल्याला तो आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, टेस्ट इतकी डळमळीत असेल तर ती सगळ्यांना देऊन काय साधणार? रास्त प्रश्न आहे, मलाही पडला होता. माझं उत्तर असं: माप ढोबळ असेल तर ते एकदाच लावून मोकळं होणं चूक, आणि काहींनाच लावणं त्याहून चूक. म्हणून प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे, पण डोळे झाकून नाही. बोर्डाने मसुद्यात सुधारणा कराव्यात असं मला वाटतं, आणि त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे.

दुसरीत टेस्ट होईल ते ठीक, पण चौथीत पुन्हा व्हायला हवी. हेडफोन घसरलेल्यांना आणि त्या दिवशी ताप आलेल्यांना आणखी एक दार. मग मसुद्यात एक छोटासा शब्द आहे, ‘आणि’. टेस्टमध्ये ९५ आणि वाचनात ९० आणि टीचरचा अभिप्राय. कानाला निःपक्षपाती वाटतं. पण प्रत्येक अट थोडी डळमळीत असताना तिन्ही एकदम पूर्ण करायला लावलं की अगदी लायक मुलंसुद्धा कुठे ना कुठे अडकतात. तिथे ‘किंवा’ हवं, निदान सरासरी तरी. हा एक शब्द बदलला तर आपल्या कोचिंगच्या सहा आठवड्यांपेक्षा जास्त मुलं आत येतील, आणि त्यात आपलीही असतील. टेस्टच्या सूचना मुलाला कळतील त्या भाषेत ऐकवाव्यात. ज्या शाळांमधून वर्षानुवर्षं एकही मूल प्रोग्राममध्ये गेलेलं नाही, तिथे देशाच्या सरासरीशी तुलना बाजूला ठेवून त्या शाळेतलीच सगळ्यात पुढची मुलं घ्यावीत. वर्गात रोज जे शिकवलं जातं त्याच्या पुढे गेलेलं मूल कुठल्याही शाळेत कंटाळतंच, आणि प्रोग्राम त्या कंटाळ्यावरचा उपाय आहे ना? की आपण त्याला पदक समजायला लागलो आहोत?

हे शेवटचं मी टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. कार्ड आणि जुलियानो यांनी ब्रॉवर्डमधलं आणखी एक पाहिलं. शाळेत एक जरी गिफ्टेड मूल असलं तर चौथीपासून वेगळा वर्ग काढायचा, आणि उरलेल्या जागा आदल्या वर्षी चांगले गुण मिळवणाऱ्या साध्या मुलांनी भरायच्या, असा तिथे नियम होता. फायदा कोणाला झाला? १३० आयक्यूवाल्यांच्या गुणांत फारसा फरक पडला नाही. उरलेल्या जागांवर बसलेल्या मुलांना, त्यातही कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना, घसघशीत फायदा झाला. आपली मुलं त्या वर्गात नसती तरी बरीचशी पोहोचली असती तिथेच पोहोचली असती. घरात पुस्तकं आहेत, प्रश्न विचारायला माणसं आहेत. माझा मुलगा बुधवारी खुशीत जातो, तिथला रोबोट त्याला आवडतो. पण तिथे जाऊन तो हुशार झाला असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

आणि एक जाता जाता. मागच्या महिन्यात एका वाढदिवसाला आठ वर्षांच्या एका मुलाने माझ्या मुलीला विचारलं, ‘तुझा पर्सेंटाइल किती?’ तिने त्याला तिच्या बुटांचा नंबर सांगितला. मला हसू आलं, पण त्या मुलाला हा शब्द कोणी शिकवला असेल याचा विचार करून ते टिकलं नाही. निकालाचं पत्र मुलांसमोर उघडू नका, एवढं तरी आपण करू शकतो.

माझा स्वार्थही सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी सांगेलच. मुलगी पुढच्या वर्षी दुसरीत जाते. प्रस्ताव मंजूर झाला तर तिला फॉर्मशिवाय, कोचिंगशिवाय, वर्गातल्या सगळ्यांबरोबर पुन्हा टेस्ट मिळेल. मंजूर झाला नाही तरी तिला मिळेलच, कारण तिच्या आईला फॉर्म कुठे असतो ते पाठ आहे.

पिन केलेली यादी मी आज काढून टाकते आहे. तिच्या जागी तोच मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये टाकला आहे, स्पॅनिश मजकूर आपल्या शाळेतल्या एका आईकडून तपासून घेतला आहे. तो आपल्या ग्रुपबाहेर पाठवा: वर्गाच्या ग्रुपवर, बसस्टॉपवरच्या आईबाबांना, जिमच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या त्या बाबांना. ऑक्टोबर यायला अजून वेळ आहे. बोर्डाचा निर्णय लांबला तर यंदा तरी जुनीच पद्धत असेल, आणि फॉर्म भरावाच लागेल.

ज्यांनी निवेदनावर सही केली आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. मागे घ्यायची असेल तर लिंकच्या तळाशी सोय आहे. घ्यायची नसेल तर बोर्डाच्या बैठकीला या आणि तुमची बाजू मांडा, समोरासमोर बोलू. नागरिकांच्या वेळेत बोलायचं असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत नाव द्यावं लागतं. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात आणि घंटा वाजली की माइक खरोखरच बंद करतात, मागच्या वेळी माझा अर्ध्या वाक्यात बंद झाला होता. यावेळी मी बुटांच्या जोडीपासूनच सुरुवात करणार आहे. त्या मित्राच्या आईचा नवा नंबर कोणाकडे असेल तर मला कळवा.

तुमचीच,
पहिलीतल्या मुलीची आणि चौथीतल्या मुलाची आई